वाळवंटाकाठचे समुद्र आणि समुद्रकाकडी : नाव, नोंद आणि संवर्धन

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस –
– समुद्रकाकडी या प्राण्याची रचना व समुद्रतळाच्या व्यवस्थेतील त्याचे कार्य सांगता येईल;
– तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि ओमानचा किनारा येथील या प्राण्याची विविधता व मासेमारी यांचा परिचय करून देता येईल;
– 'संवर्धन' या एकाच मराठी शब्दाच्या दोन अर्थांतील भेद स्पष्ट करता येईल;
– एखाद्या जीवाचे नाव आणि त्याचे संरक्षण यांतील संबंध विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शास्त्रीय विषयावरील मराठी गद्य अभ्यासताना लेखकाने परिभाषा कशी वापरली, हे आपण पाहतो. परिभाषेचा प्रश्न केवळ शैलीचा आहे, असा समज मात्र अनेकदा होतो. वस्तूला नेमके नाव नसेल तर तिची नेमकी नोंद होत नाही, आणि नोंद नसेल तर ती वस्तू नाहीशी होत असल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. हा मुद्दा एका दूरच्या उदाहरणातून समजून घेण्यासाठी प्रस्तुत पाठ योजला आहे. उदाहरण आहे समुद्रकाकडीचे, आणि स्थळ आहे अरबस्तानच्या वाळवंटाला वेढणारे समुद्र.

२. एक प्राणी, अनेक नावे

'समुद्रकाकडी' हे मराठी नाव इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर आहे. अरबीतील 'खियार अल्-बहर' याचाही अर्थ तोच. नावामुळे ही वनस्पती असावी, असा पहिला ग्रह होतो. परंतु ती तारामासा आणि समुद्री साळ (सागरी अर्चिन) यांच्या कुळातील, म्हणजे कंटकचर्मी संघातील प्राणी आहे. तमिळ कोळ्यांनी तिला 'कडल अट्टै', म्हणजे समुद्रातील जळू म्हटले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत तिला 'जोंगू' म्हणजे पैसा किंवा वाणी या बहुपाद किड्याचे नाव मिळाले. पोर्तुगीजांनी 'बिशु दु मार', म्हणजे समुद्रातील किडा किंवा क्षुद्र जनावर असे नाव दिले आणि तेच रूप बदलून फ्रेंचमधून व्यापारी जगात रूढ झाले. मलाय भाषेतील 'तेरिपांग' या शब्दावरून 'ट्रेपँग' हा वाळवलेल्या मालाचा व्यापारी शब्द निघाला. चिनी भाषेत मात्र ती 'हायशेन', म्हणजे समुद्रातील जिनसेंग आहे. जिनसेंग ही चिनी वैद्यकातील अत्यंत मौल्यवान मुळी होय.

या नावांकडे थोडे लक्षपूर्वक पाहा. जे लोक हा प्राणी खात नाहीत, त्यांच्या भाषांत तो जळू आहे, किडा आहे किंवा फार तर काकडी आहे. जे त्याला औषधी पक्वान्न मानतात, त्यांच्या भाषेत तो दुर्मीळ मुळी आहे. अरबस्तानच्या किनाऱ्यावर समुद्रकाकडी खाण्याची परंपरा नाही. म्हणून शतकानुशतके ती तेथे दुर्लक्षित राहिली आणि त्या दुर्लक्षामुळेच सुरक्षितही राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'हायशेन'ची मागणी या किनाऱ्यापर्यंत पोहोचली, तेव्हा स्थानिक भाषेकडे या प्राण्याच्या निरनिराळ्या जातींसाठी पुरेसे शब्दही नव्हते. याचा परिणाम काय झाला, ते आपण पुढे पाहणार आहोत.

३. शरीररचना आणि कार्य

समुद्रकाकडीचे शरीर लांबट, मऊ आणि चामड्यासारख्या त्वचेचे असते. तिला मेंदू नाही. मुखाभोवती चेतातंतूंचे एक कडे असते. त्वचेमध्ये चुनखडीची सूक्ष्म अस्थिके विखुरलेली असतात. ही अस्थिके सूक्ष्मदर्शकाखाली बटणे, नांगर, मेज अशा आकारांची दिसतात आणि त्यांच्यावरूनच शास्त्रज्ञ जाती ओळखतात. अनेक जातींत श्वसनाची शाखायुक्त नळी गुदद्वाराजवळ उघडते. म्हणजे हा प्राणी शरीराच्या मागील टोकाने श्वास घेतो. संकटाच्या वेळी काही जाती आपली आतडी बाहेर टाकतात व कालांतराने ती पुन्हा निर्माण करतात. काही जाती शत्रूवर चिकट तंतू सोडतात.

वाळूत राहणाऱ्या बहुसंख्य जाती समुद्रतळावरील गाळ गिळतात, त्यातील जीवाणू, सूक्ष्म शैवाल व कुजके सेंद्रिय द्रव्य पचवतात आणि स्वच्छ वाळू बाहेर टाकतात. शेतातील गांडुळाशी केलेली तुलना येथे सर्वस्वी योग्य ठरते. गाळ वरखाली झाल्याने त्यात प्राणवायू खेळतो. अडकून पडलेली पोषकद्रव्ये पाण्यात मोकळी होतात आणि समुद्रगवताला व शैवालाला मिळतात. गाळाबरोबर पोटात गेलेली चुनखडी अंशतः विरघळते व तिच्यामुळे भोवतालच्या पाण्याची क्षारता किंचित वाढते. प्रवाळाला आपला सांगाडा बांधण्यासाठी अशा पाण्याची गरज असते.

जगात समुद्रकाकडीच्या सुमारे १,७०० जाती ज्ञात आहेत. अन्न व कृषी संघटनेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ओळखपुस्तिकेत व्यापारी महत्त्वाच्या ५८ जातींची वर्णने आहेत. जगातील बाजारपेठेचा भार अशा मूठभर जातींवरच पडतो.

४. वाळवंटाकाठचे समुद्र

तांबड्या समुद्राला एकही बारमाही नदी मिळत नाही. पाऊस नगण्य आणि बाष्पीभवन वर्षाला सुमारे दोन मीटर. त्यामुळे दक्षिणेस बाब-एल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून येणारे पाणी उत्तरेकडे सरकताना अधिकाधिक खारट होत जाते. दर हजार भाग पाण्यात दक्षिणेस सुमारे ३६ भाग क्षार असतात, तर उत्तरेस ते ४० पर्यंत पोहोचतात. नद्यांचा गाळ नसल्यामुळे पाणी नितळ राहते आणि प्रवाळ भरघोस वाढतात. होलोथुरिया ॲट्रा, होलोथुरिया एड्युलिस, ॲक्टिनोपायगा मॉरिशियाना, स्टायकोपस हर्मानी, थेलेनोटा अनानस अशा अनेक जाती येथे आढळतात. यांपैकी शेवटच्या नावातील 'अनानस' हा शब्द आपणांस परका वाटणार नाही. अंगावरील काट्यांसारख्या उंचवट्यांमुळे तिला अननसाचे नाव मिळाले. मराठीतील 'अननस' हा शब्दही पोर्तुगीजांबरोबर आला आहे.

इराणचे आखात याहून कठोर. त्याची सरासरी खोली सुमारे ३५ मीटर. उथळपणामुळे उन्हाळ्यात पाण्याचे तापमान ३५ अंश सेल्सियसवर जाते, तर हिवाळ्यात उथळ भागात ते २० अंशांच्याही खाली येते. एवढे चढउतार सोसणाऱ्या जाती थोड्या, म्हणून तेथील विविधता तांबड्या समुद्रापेक्षा कमी. समुद्रकाकडीला शरीरातील क्षारांचे प्रमाण स्वतंत्रपणे नियंत्रित करता येत नाही. भोवतालचे पाणी जसे, तसेच तिच्या शरीरातील द्रव. म्हणून खारटपणातील मोठा बदल तिला थेट बाधतो.

तिसरा प्रदेश ओमानच्या अरबी समुद्राकडील किनाऱ्याचा. कोकणावर पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा या किनाऱ्यालगत समुद्राच्या खोल भागातील थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर आणतो. किनाऱ्यावर वाळवंट आणि पाण्यात सुपीकता, असा हा विलक्षण प्रदेश आहे. मसिरा बेटासमोरील महूतच्या उपसागरात उथळ चिखलमैदाने व समुद्रगवताची कुरणे आहेत आणि तेथे होलोथुरिया स्काब्रा ही सर्वांत मौल्यवान जातींपैकी एक जात आढळते. 'स्काब्रा' म्हणजे खरबरीत. व्यापारात तिला 'सँडफिश', अर्थात वाळूतला मासा म्हणतात, जरी ती मासा नाही. आपण या पाठात तिला 'वाळूकाकडी' म्हणू.

या समुद्रांतील जातींना शास्त्रीय नावे देण्याचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १७६१ साली डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक अभ्यासमोहीम पाठवली. तिच्यातील निसर्गशास्त्रज्ञ पीटर फॉर्स्कोल याने तांबड्या समुद्रातील अनेक जीवांची वर्णने लिहिली. १७६३ साली येमेनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मोहिमेतील एकटा वाचलेला सदस्य कार्स्टेन नीबूर पुढे मुंबईस आला, सुमारे वर्षभर येथे राहिला आणि घारापुरीच्या लेण्यांची रेखाटनेही त्याने केली. मायदेशी परतल्यावर त्याने १७७५ साली फॉर्स्कोलची प्राणिवर्णने प्रसिद्ध केली. होलोथुरिया इम्पेशन्स या समुद्रकाकडीच्या नावापुढे आजही 'फॉर्स्कोल, १७७५' असे लिहिले जाते. म्हणजे शास्त्रीय नामकरण अडीचशे वर्षांपूर्वी सुरू झाले होते; परंतु ते ज्ञान ग्रंथांतच राहिले, बंदरावरील नोंदवहीत उतरले नाही.

५. मासेमारी : एक शब्द आणि अनेक जाती

समुद्रकाकडी पकडणे अवघड नाही. ती पळत नाही, चावत नाही. ओहोटीच्या वेळी ती हाताने वेचता येते किंवा बुडी मारून उचलता येते. नंतर तिचे पोट चिरून आतडी काढतात, तिला उकळतात, वाळूकाकडीच्या बाबतीत त्वचेवरील चुनखडीचा थर घासून काढतात आणि उन्हात वाळवतात. वाळल्यावर मूळ वजनाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी उरतो. हाँगकाँगच्या बाजारात उत्तम प्रतीच्या वाळूकाकडीला किलोमागे हजार डॉलरहूनही अधिक भाव मिळाल्याची नोंद आहे. वाळवलेला माल शीतगृहाशिवाय टिकतो. म्हणून वीज नसलेल्या दुर्गम किनाऱ्यावरूनही तो दूरदेशी पाठवता येतो. उष्ण, कोरडी हवा असलेला प्रदेश या व्यवसायास जणू मुद्दाम घडवलेला.

इजिप्तच्या तांबड्या समुद्रातील किनाऱ्यावर ही मासेमारी १९९८ च्या सुमारास अल्प प्रमाणात सुरू झाली. दोनच वर्षांत ती इतकी फोफावली की 'रेड सी' प्रांताच्या प्रशासनाला बंदी घालावी लागली. मध्यंतरी ती शिथिल झाली आणि २००३ साली पुन्हा देशाच्या सर्व जलक्षेत्रात बंदी लागू झाली. ज्या व्यवसायाला स्थानिक परंपरा नव्हती, तो अवघ्या पाच वर्षांत जन्मला, भरभराटला आणि बंद पडला.

ओमानमधील महूतची कथा निराळी आहे. तेथे वाळूकाकडी वेचण्याच्या कामात स्त्रियांचा मोठा वाटा होता. ओहोटी लागल्यावर चिखलमैदानातून चालत जाऊन त्या हाताने वेचणी करीत आणि माल संयुक्त अरब अमिरातीतील व्यापाऱ्यांमार्फत पूर्व आशियात जाई. होडी, जाळे वा भांडवल नसलेल्या घराला हे उत्पन्न महत्त्वाचे होते. २०१० साली ओमानच्या अभ्यासकांनी तेथे झपाट्याने अतिशोषण होत असल्याचे पुरावे मांडले. तेव्हा प्रश्न केवळ एका प्राण्याचा उरला नाही. त्या प्राण्यावर चूल अवलंबून असलेल्या कुटुंबांचाही झाला.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जगभर या मासेमारीचा एक ठरावीक क्रम दिसतो. आधी सर्वांत महाग जात वेचली जाते. ती विरळ झाली की मध्यम किमतीची, आणि अखेरीस होलोथुरिया ॲट्रासारखी स्वस्त जात. परंतु बंदरावरील नोंदवहीत या सर्वांसाठी 'समुद्रकाकडी' हा एकच रकाना असतो. समजा, पहिल्या वर्षी त्या रकान्यात शंभर टन वाळूकाकडीची नोंद झाली आणि तिसऱ्या वर्षी शंभर टन ॲट्राची. कागदावर आकडा बदलला नाही. समुद्रात मात्र एक जात संपत आली. येथे भाषेतील एक सामान्यनाम एका जातीचा ऱ्हास झाकून ठेवते. असे झाकण्यास कोणाचा दुष्ट हेतू लागत नाही. रकान्यात पुरेसे शब्द नसणे पुरते.

त्यातच या प्राण्याची पुनरुत्पादनाची रीत हानीला वेग देते. नर व मादी आपापली बीजे थेट पाण्यात सोडतात. मादी लाखो अंडी सोडते. पण जवळपास नर नसेल तर ती वाया जातात. म्हणजे विरळ झालेल्या ठिकाणी काही प्राणी जिवंत असले, तरी पुढची पिढी जन्मत नाही. म्हणूनच मासेमारी थांबवली की संख्या आपोआप भरून येईल, ही अपेक्षा अनेक ठिकाणी फोल ठरते.

६. 'संवर्धन' शब्दाचे दोन अर्थ

मराठीत आपण 'मत्स्यसंवर्धन' म्हणतो, तेव्हा तळ्यात वा खाडीत मासे वाढवून विकण्याचा व्यवसाय अभिप्रेत असतो. 'निसर्गसंवर्धन' म्हणतो, तेव्हा निसर्गात आहे ते जपणे अभिप्रेत असते. 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूपासून दोन्ही अर्थ निघतात. व्यवहारात संदर्भावरून अर्थ कळतो. तरीही 'समुद्रकाकडीचे संवर्धन' असा शब्दप्रयोग आला की घोटाळा होतो. म्हणून आपण पहिल्या अर्थासाठी 'पालन' आणि दुसऱ्यासाठी 'संरक्षण' हे शब्द वापरू.

पालनाची पद्धत अशी : प्रौढ नरमाद्यांना पाण्याच्या तापमानात अचानक बदल करून बीजे सोडण्यास प्रवृत्त करतात. अंड्यांतून निघालेले डिंभ सूक्ष्म शैवालावर वाढतात, रूप बदलतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी तळाशी स्थिरावतात. पुढे पिल्ले टाक्यांत व नंतर तलावांत किंवा समुद्रातील कुंपणांत सोडतात. विक्रीयोग्य आकार येण्यास साधारणतः वर्षभर वा अधिक काळ लागतो. या विद्येच्या इतिहासात भारताचे स्थान आहे. १९८८ साली तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वाळूकाकडीचे बीज प्रथम उबवणीगृहात तयार केले. पुढे ही विद्या अनेक देशांत गेली. सौदी अरेबियात तांबड्या समुद्राकाठी अल्-लिथ येथे कोळंबीपालनाच्या मोठ्या प्रकल्पाला जोडून वाळूकाकडीचे पालन सुरू झाले. इराणनेही आखाताच्या किनाऱ्यावर तिच्या प्रजननाचे प्रयोग केले. मादागास्करच्या कोरड्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर व्हेझो या मच्छीमार समाजातील कुटुंबे समुद्रातील कुंपणांत ती वाढवतात. रात्रीच्या मोठ्या ओहोटीस ती वाळूतून वर आली की पकडतात. तेथे चोरीपासून राखण हाच मोठा खर्च ठरतो.

वाळवंटी प्रदेशातील तलावांना एक विशेष धोका आहे. बाष्पीभवनामुळे पाणी खारट होते आणि समुद्राचे पाणी सतत खेळवावे लागते. शिवाय पिकाच्या रूपाने एकाच जातीची वाढ होते. त्यामुळे पालनाने बाजाराची गरज काही प्रमाणात भागते, कुटुंबाला उत्पन्न मिळते. परंतु ज्या डझनावारी जातींचे बीज अद्याप उबवणीगृहात तयारच होत नाही, त्यांना त्याचा आधार मिळत नाही. बाहेरून आणलेले बीज समुद्रात सुटले, तर स्थानिक जातीच्या आनुवंशिक वैशिष्ट्यांत भेसळ होण्याचाही संभव असतो. पालन म्हणजेच संरक्षण, असे समजणे शब्दाच्या द्व्यर्थाला बळी पडणे होय.

७. संरक्षण : जातिवार नावांची गरज

संरक्षणाचे उपाय सामान्यतः चार प्रकारचे असतात : किमान आकाराची अट, ठरावीक काळ बंदी, काही क्षेत्रे पूर्णतः राखीव ठेवणे आणि व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण. भारताने २००१ साली सर्व समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट केले. हा अत्यंत कठोर मार्ग होता. मन्नारच्या आखाताकाठी त्यावर जगणाऱ्या मच्छीमारांवर त्याचा मोठा परिणाम झाला, आणि चोरटा व्यापार पूर्णपणे थांबला नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र जातिवार विचार होऊ लागला आहे. २०१४ च्या सुमारास झालेल्या मूल्यांकनात १६ जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे मांडले गेले. वाळूकाकडी त्यांपैकी एक. २०१९ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात आचळासारखे उंचवटे असलेल्या तीन जातींचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. यांतील होलोथुरिया फस्कोगिल्वा व होलोथुरिया नोबिलिस या तांबड्या समुद्रातही आढळतात. २०२२ साली थेलेनोटा या संपूर्ण प्रजातीचाही समावेश झाला. आता निर्यात करताना परवान्यावर नेमक्या जातीचे नाव लिहावे लागते. सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर मात्र वाळलेले, आक्रसलेले, काळपट तुकडे असतात. ते ओळखणे त्याला जमले तरच कायद्यातील नावाला अर्थ येतो.

समुद्रगवताचा मुद्दाही लक्षात ठेवावा. वाळूकाकडीचे डिंभ समुद्रगवताच्या पात्यांवर प्रथम स्थिरावतात. बंदरे, भराव आणि गाळउपसा यांमुळे ही कुरणे गेली, तर मासेमारी शून्यावर आणूनही नवी पिढी रुजणार नाही.

८. समारोप

वाळवंटाकाठच्या समुद्रांत जीवन विरळ नाही. ते अरुंद मर्यादांत जगते आणि म्हणून लवकर डळमळते. तेथील समुद्रकाकडीला दूरच्या भाषेत मौल्यवान मुळीचे नाव होते आणि जवळच्या भाषेत जातिवार नावेच नव्हती. या अंतरातून अल्पावधीत मोठा व्यापार उभा राहिला आणि नुकसान मोजले जाण्यापूर्वीच घडून गेले. जी माणसे ओहोटीच्या चिखलात उतरून हा प्राणी वेचतात, ती खरबरीत, काळी, काटेरी असे भेद सहज ओळखतात. त्यांचे हे ज्ञान नोंदवहीच्या रकान्यांत आणणे हे संरक्षणाचे पहिले आणि कमी खर्चाचे काम आहे. भाषेच्या अभ्यासकालाही त्यात वाटा उचलता येतो. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांच्या बोलीतील मासे, शिंपले, खेकडे यांची नावे संकलित करताना हे ध्यानात ठेवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. समुद्रकाकडीच्या निरनिराळ्या भाषांतील नावांवरून त्या त्या समाजाची दृष्टी कशी व्यक्त होते, ते स्पष्ट करा.
२. 'नोंदवहीतील एकच रकाना जातीचा ऱ्हास झाकतो' या विधानाचे सोदाहरण विवेचन करा.
३. 'संवर्धन' या शब्दाप्रमाणे दोन अर्थांमुळे घोटाळा करणारे आणखी दोन मराठी पारिभाषिक शब्द शोधा व त्यांस पर्याय सुचवा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या जलचराच्या जातींना असलेली बोलीतील नावे संकलित करून प्रत्येकाचे दोन ओळींत वर्णन लिहा.